घेता-देता : आधी बूट, मग फळी



या सदराचा आजचा विषय पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, याची मला कल्पना आहे. बर्फावरून घसरत जाण्याची फळी, तिचे बूट आणि तिचा इतर साज यांच्याशी पेढीवर बसणाऱ्या माणसाचा काय संबंध? काही वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारला असता. परंतु आपल्या घरांतील मुलेमुली आज शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी कॅनडा, अमेरिका, स्वित्झर्लंड अशा हिमप्रदेशांत राहतात. जी इथे आहेत, तीही हिवाळ्याच्या सुट्टीत गुलमर्गचा बेत आखतात. स्नोबोर्ड नावाची वस्तू मग आज ना उद्या घरच्या बोलण्यात येतेच. आमच्या घरी ती आली ती मनगटाच्या प्लॅस्टरसह.

माझी नात कॅनडातील कॅल्गरी शहरी पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली. पहिल्याच हिवाळ्यात ती मैत्रिणींबरोबर डोंगरावर गेली. फळी उसनी, बूट दोन मापे मोठे, आणि ते घट्ट व्हावेत म्हणून आत सुती मोज्यांच्या दोन जोड्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाठीमागे पडली, हात आपोआप टेकला गेला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. तीन आठवडे तिने ही गोष्ट घरापासून लपवली. एकदा व्हिडिओ कॉलवर तिने पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला, आणि आमच्या सूनबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. आईच्या नजरेपुढे कोणाचे काय चालणार?

पुढच्या हिवाळ्यात नातीने जाहीर केले, की आता स्वतःचे साहित्य विकत घेऊन ही विद्या नीट शिकायची. आम्ही उभयता त्याच सुमारास तिच्याकडे जाणार होतो. सूनबाई मला म्हणाल्या, “बाबा, तुम्ही जाताच आहात, तर तिला या वेडातून बाहेर काढूनच या.” मी होकार दिला. खरे सांगतो, त्या दुकानात मी गेलो तो खरेदी मोडण्याच्या उद्देशाने.

दुकान मोठे होते. एका भिंतीवर शंभरएक रंगीत फळ्या ओळीने उभ्या होत्या. नातीने आत शिरताच हिमशिखराचे चित्र असलेल्या एका फळीकडे बोट दाखवले. तिच्यावर भरघोस सवलतीची चिठ्ठी होती. तिथला विक्रेता जेमतेम पंचविशीचा असेल. त्याने फळी खाली काढली नाही. त्याने विचारले, “आजवर किती दिवस बर्फावर गेला आहात?” नात म्हणाली, “दीड दिवस.” तो म्हणाला, “मग आज फळी घेऊ नका. बूट घ्या, हेल्मेट घ्या, मनगटाचे कवच घ्या. फळी भाड्याने मिळते, ती वापरा. दहा दिवस झाले, की तुम्हाला कोणती हवी ते तुम्हीच मला सांगाल.”

वाचकहो, चाळीस वर्षे मी कापडाच्या गादीवर बसलो आहे. समोर आलेले गिऱ्हाईक महाग वस्तूसाठी आतुर असताना, ‘ती आज घेऊ नका’ असे सांगणारा विक्रेता किती दुर्मिळ, हे आपल्याला मी सांगायला नको. त्या क्षणी माझा विरोध निम्मा ओसरला, आणि मी कान देऊन ऐकू लागलो. तेथे जे शिकलो आणि पुढे चौकशी करून पडताळून घेतले, ते आपल्या हाती ठेवतो.

बूट आधी का?

या खेळात दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात. पायाची बोटे किंवा टाच किंचित दाबली, की फळीची पोलादी कड बर्फात रुतते आणि फळी वळते. म्हणजे वळण्याची सारी आज्ञा पावलातून बुटात, बुटातून बंधात आणि बंधातून फळीत जाते. बूट सैल असेल तर ती आज्ञा वाटेतच हरवते. पाऊल बुटात हलते, फळी भलतीकडे जाते आणि माणूस पडतो. भाड्याचे बूट अनेकांच्या पायांनी सैलावलेले असतात. म्हणून भाड्याची फळी चालते, परंतु बूट स्वतःचे असावेत.

आपल्याकडे मुलांचे कपडे आणि जोडे ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची रीत आहे. येथे ती रीत घातक ठरते. नवा बूट वापराने आतून दबतो आणि थोडा मोकळा होतो, यास्तव पहिल्या दिवशी तो अंगाबरोबर बसलेलाच हवा. माप असे घ्यावे : टाच भिंतीला टेकवून उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. या बुटांवर ते माप बहुधा सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. दोन पावलांत थोडा फरक असतोच, म्हणून मोठे पाऊल प्रमाण मानावे. दिवसभरात पाय किंचित सुजतात, तेव्हा खरेदीला संध्याकाळी गेलेले बरे.

बूट चढवल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे सरकवावी आणि मगच नाड्या ओढाव्यात. ताठ उभे राहिल्यास बोटे पुढच्या बाजूला हलकेच स्पर्श करतात. गुडघे वाकवून पुढे झुकल्यास ती मागे सरून मोकळी होतात. बोटे दुमडली तर बूट लहान, आणि चवड्यांवर उभे राहताना आत टाच उचलली गेली तर बूट मोठा. या शेवटच्या परीक्षेत नातीने आवडीने निवडलेले दोन जोड नापास झाले. तिसरा जोड दिसायला साधा, परंतु टाच जागची हलेना. त्या मुलाने तो जोड घालून तिला दुकानात अर्धा तास फिरायला लावले, कारण पावलावर एखादी जागा टोचत असेल, तर ती पाच मिनिटांत कळत नाही. बूट आवळण्याची तऱ्हाही पाहून घ्यावी. कोठे साध्या नाड्या असतात, कोठे ओढण्याची दोरी, तर कोठे फिरवण्याची चकती. गारठलेल्या बोटांना चकती सोपी पडते, साध्या नाडीची दुरुस्ती मात्र कोणालाही जमते.

डोके आणि मनगट

स्कीच्या खेळात जोराचा झटका बसला, की बंध आपोआप सुटतात. स्नोबोर्डचे बंध तसे सुटत नाहीत. दोन्ही पाय जखडलेले असल्याने तोल जाताना पाऊल पुढे टाकून सावरता येत नाही, आणि हात आपोआप जमिनीकडे धावतात. म्हणूनच नवशिक्यांच्या दुखापतींत मनगटाची दुखापत नेहमीची. आमच्या नातीचे हाड याच कारणाने मोडले होते, हे तिला त्या दुकानातच उमगले. तोवर ती स्वतःच्या वेंधळेपणाला दोष देत होती. मनगटाचे कवच ही छोटी, स्वस्त वस्तू आहे. हातमोज्याच्या आत बसेल असे कवच निवडावे आणि ते हातमोज्यासह घालून पाहावे. पडताना मुठी मिटून घ्याव्यात आणि भार तळव्यावर न घेता कोपरापासूनच्या हातावर घ्यावा, हे शिक्षक पहिल्याच दिवशी शिकवतात.

हेल्मेटवर युरोपीय मानक ईएन १०७७ किंवा अमेरिकी मानक एएसटीएम एफ २०४० यांचा उल्लेख आहे ना, हे पाहावे. पट्टा न लावता मान हलवली, तरी ते डोक्यावरच राहिले पाहिजे. गॉगल घालून पाहावा, म्हणजे कपाळापाशी फट राहत नाही ना, हे कळते. एकदा जोराचा आघात झाला, की हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतला थर निकामी झालेला असू शकतो, आणि ते बदलावेच लागते. म्हणून हेल्मेट वापरलेले कधीही घेऊ नये. त्याने काय सोसले आहे, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

कापड माझ्या ओळखीचे

कपड्यांच्या विभागात मी थोडा सावरून बसलो, कारण हा आपला प्रांत. परंतु तेथेही माझी खोड मोडली. आयुष्यभर सुती कापडाची थोरवी गाणाऱ्या मला मान्य करावे लागले, की बर्फात सूत हा शत्रू आहे. सूत घाम शोषते, ओले राहते आणि अंगातली ऊब काढून घेते. अंगालगत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, मध्ये ऊब धरणारा थर आणि बाहेर वारा-पाणी अडवणारा थर, असे तीन थर हवेत. मोजा पातळसर आणि एकच घालावा. दोन मोज्यांनी ऊब वाढत नाही. पाऊल आत सरकते आणि रक्तप्रवाह आवळला जातो.

बाहेरच्या कापडावर १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर असा आकडा असतो. १०,००० याचा अर्थ असा, की दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब येईपर्यंत कापड पाझरत नाही. नवशिक्याचा बराच काळ बर्फात बसण्यात आणि गुडघे टेकण्यात जातो, म्हणून जाकिटापेक्षा विजारीच्या कापडात काटकसर करू नये. शिवणी आतून पट्टी लावून बंद केल्या आहेत का, तेही उलटून पाहावे, कारण पाणी प्रथम सुईच्या छिद्रांतूनच येते.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उठतो, आणि तो योग्यच आहे. उबदार जाकिटांत पुष्कळदा हंस-बदकांची मऊ पिसे भरलेली असतात. लेबलवर ‘डाउन’ असा शब्द असला, की ती पिसे समजावीत. पॉलिएस्टरचे भरणही मिळते, आणि ते ओले झाल्यावर पिसांपेक्षा अधिक ऊब टिकवते. हातमोज्यांच्या तळव्याला चामडे असते, तिथेही कृत्रिम पर्याय आहेत. लोकर वर्ज्य मानणाऱ्यांसाठी कृत्रिम धाग्याचे मोजे आणि अंगालगतचे कपडे सर्वत्र असतात. विक्रेत्याला स्पष्ट विचारावे, त्यात संकोच नको. नातीने विचारले, तेव्हा त्या मुलाने प्रत्येक लेबल उलटून दाखवले.

फळी घ्यायची वेळ येईल तेव्हा

ही फळी मुळात एका बापाने आपल्या मुलींसाठी केलेले खेळणे. सन १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यातील मस्किगन गावी शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडल्या. पुढे त्याचे ‘स्नर्फर’ नावाचे खेळणे झाले. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हर्मोंट राज्यात फळ्यांचा कारखाना काढला. कॅल्गरीला १९८८ चे हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा हा खेळ त्यात नव्हता. १९९८ मध्ये जपानच्या नागानो येथे तो प्रथम आला, आणि त्यातील पहिले सुवर्णपदक रॉस रेबाग्लियाती या कॅनडाच्याच खेळाडूने मिळवले. बालकांच्या खेळण्यापासून तीस-पस्तीस वर्षांत येथवर आलेल्या या वस्तूचे आज इतके प्रकार आहेत, की नवख्याची मती गुंग व्हावी. तथापि चार गोष्टी पाहिल्या तरी पुरेसे आहे.

पहिली लांबी. फळी हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, असा जुना ठोकताळा आहे. परंतु उंचीपेक्षा वजन महत्त्वाचे. प्रत्येक उत्पादक कोणत्या लांबीला किती वजन चालते याचा तक्ता देतो, तो पाहावा आणि शिकताना त्यातील आखूड बाजू निवडावी. दुसरी रुंदी. बूट बांधल्यावर तो टाचेकडे आणि बोटांकडे सारखाच, साधारण एक ते दोन सेंटिमीटर बाहेर यावा. फार बाहेर आला तर वळताना बर्फात अडकतो, आणि फळी बुटापेक्षा रुंद असेल तर वळवताना दमछाक होते. फळी बुटानंतर घ्यावी, याचे हे दुसरे कारण. तिसरा लवचीकपणा. शिकणाऱ्याला मऊ फळी हवी, ती चुका पोटात घालते. ताठ फळी वेगासाठी असते आणि नवशिक्याला लगेच शिक्षा करते. चौथा आकार. दोन्ही टोके सारखी असलेली, आणि कमानीपेक्षा सपाट किंवा कडेला किंचित उचललेली फळी सुरुवातीला बरी, कारण तिची कड अवचित रुतत नाही.

बंध घेताना ते बुटाच्या मापाशी आणि फळीवरील छिद्रांच्या रचनेशी जुळतात का, हे पाहावे. बर्टनच्या पुष्कळ फळ्यांवर छिद्रांऐवजी लांब खाच असते, आणि दुसरीकडचे सगळेच बंध तीवर बसत नाहीत. डावा पाय पुढे की उजवा, हेही आधी ठरवावे. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनिशी धावत घसरून पाहावे. जो पाय आपोआप पुढे जाईल, तो आपला.

हिशोबाचे बोलायचे, तर त्या दुकानातील त्या दिवसाच्या दरांनी फळी आणि बंध यांची किंमत सुमारे पंधरा दिवसांच्या भाड्याइतकी भरली. वर्षातून चार दिवस जाणाऱ्याने भाडेच द्यावे. पंधरा-वीस दिवस जाणाऱ्याने घ्यावी, आणि तीही हंगाम सरताना, जेव्हा भाव उतरतात. वाढत्या मुलांसाठी पूर्ण हंगामाचे भाडे परवडते. जुनी फळी घ्यायची, तर पोलादी कड तुटलेली नाही, थर सुटलेले नाहीत आणि स्क्रूची छिद्रे झिजलेली नाहीत, हे पारखून घ्यावे. घरी आणल्यावर दर खेपेनंतर कड पुसून कोरडी करावी, नाहीतर गंज चढतो. बूट हीटरजवळ न ठेवता नाड्या सैल करून वाऱ्यावर सुकवावेत.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो आणि दुसरा अफरवतच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर नेतो. पहिल्यांदा शिकणाऱ्याने खालच्या सौम्य उतारांवरच राहावे आणि मान्यताप्राप्त शिक्षक घ्यावा. तेथे साहित्य भाड्याने मिळते, परंतु कड, पट्टे आणि बुटाची टाच आपल्या डोळ्यांनी तपासावी. हेल्मेट आणि मनगटाचे कवच येथूनच न्यावे, ते बॅगेत कितीशी जागा व्यापणार? दुसऱ्या टप्प्यावरील, पहारा नसलेल्या उतारांवर हिमस्खलनाचे भय असते. तेथे शोधयंत्र, फावडे, काठी आणि जाणकार वाटाड्या यांच्याविना जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय. हे साहित्य नुसते विकत घेऊन भागत नाही, ते वापरण्याचे शिक्षण लागते.

आता मूळ कथेकडे. त्या दिवशी आम्ही बूट, हेल्मेट, गॉगल आणि मनगटाची कवचे घेऊन बाहेर पडलो. हिमशिखराची ती फळी भिंतीवरच राहिली. नात थोडी हिरमुसली होती. पुढच्या रविवारी तिने शहराच्या कडेलाच असलेल्या जुन्या ऑलिंपिक टेकडीवर शिक्षकाकडे पहिला धडा घेतला. मी खाली कठड्याशी, सूनबाईंना काय सांगायचे याची जुळवाजुळव करत उभा होतो. ती किती वेळा पडली, ते मोजणे मी नंतर सोडून दिले. परंतु प्रत्येक वेळी मुठी मिटलेल्या होत्या. संध्याकाळी तिने कवचे काढून दाखवली. उजव्या कवचावर खोल ओरखडे होते, त्याखालचे मनगट मात्र धड होते. त्याच रात्री तिने आईला दोन्ही हातांचे छायाचित्र पाठवले, आणि या वेळी काही लपवले नाही. सूनबाईंचे उत्तर थोडक्यात आले : “दर वेळी असाच फोटो पाठवत जा.”

त्या हंगामात ती अकरा दिवस बर्फावर गेली. वसंतात भाव उतरल्यावर तिने त्याच दुकानातून, त्याच मुलाकडून फळी घेतली. ती हिमशिखराची नव्हती. पहिल्या दिवशी बोट दाखवलेली फळी आपल्या वजनाला लांब आणि ताठ पडली असती, हे तिला आता स्वतःलाच कळत होते. त्या मुलाने एक दिवसाची विक्री सोडली, आणि आयुष्यभराचे गिऱ्हाईक जोडले. आमच्या पेढीवरील नव्या पोरांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातील कोणी बर्फाचा हट्ट धरला, तर नकार देण्याआधी त्याच्याबरोबर दुकानाची पायरी चढा. आपण सोबत नसलो तरी मुले जातातच, आणि मग ती उसन्या बुटांत जातात. अंगाला लागते ते आधी आणि चांगले घ्यावे, नजरेला भरते ते मागाहून आणि विचाराने घ्यावे. पुढील अंकी भेटूच.